सातपुड्यातला मुलगा पुरुष कधी होतो?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आफ्रिकेतल्या किंवा पापुआ न्यू गिनीतल्या काही जमातींत मुलाला पुरुष ठरवणारा दीक्षाविधी असतो, तसा खानदेशातल्या भिल्ल, पावरा, वसावे, मावची या समाजांत आहे का? अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीत अंग रंगवून नाचणारे बुध्ये हाच तो विधी मानावा का? आणि आदिवासींमध्ये स्त्री-पुरुष समान असतात, असे जे नेहमी ऐकू येते ते कितपत खरे? पुढच्या होळीला आपण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन काठीला जाणार आहात, असेही आपण लिहिले आहे, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो. अक्कलकुवा, धडगाव आणि शहादा या तालुक्यांत मी सव्वीस वर्षे क्षेत्रकाम केले. माझे घर तापीकाठचे, अहिराणी बोलणारे. डोंगरावर मी शेवटपर्यंत पाहुणाच राहिलो आणि पुरुष असल्यामुळे पुरुषांच्याच बैठकीत जास्त बसलो, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु हा नकार नीट समजून घेण्यासारखा आहे.

दीक्षाविधी म्हणून आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र असते, त्याची मांडणी आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये केली. मुलाला आईच्या घरापासून तोडायचे, काही काळ ना मुलगा ना पुरुष अशा अधांतरी अवस्थेत ठेवायचे आणि मग नवे नाव, नवे वस्त्र, नवा दर्जा देऊन परत आणायचे, असे ते तीन टप्पे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांमध्ये हे टप्पे अगदी स्पष्ट दिसतात. नेल्सन मंडेला यांची सुंता १९३४ मध्ये, त्यांच्या सोळाव्या वर्षी, याच रीतीने झाली होती. पूर्व युगांडातले गिसू लोक दर सम वर्षी तरुणांच्या तुकड्यांची सर्वांदेखत सुंता करतात आणि त्या वेळी पापणीही न हलवता उभे राहणे हीच तिथे पुरुषपणाची परीक्षा असते. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या सांबिया लोकांमध्ये मुलाला सातव्या ते दहाव्या वर्षाच्या सुमारास आईपासून तोडून पुरुषांच्या घरात नेत आणि तिथून पुढे वर्षानुवर्षे त्याच्यावर टप्प्याटप्प्याने विधी होत. या सगळ्यांत समान असलेली गोष्ट म्हणजे विधी एकदा झाला की झाला. त्यातून गेलेला मुलगा पुन्हा मुलगा होत नाही, आणि त्याच्याबरोबर गेलेले सगळे जन्मभर एका तुकडीचे राहतात.

सातपुड्यात अशी तुकडी नाही, पुरुषांचे वेगळे घर नाही, आणि मुलाला रानात नेऊन ठेवण्याची चालही नाही. इथे एक घोटाळा नेहमी होतो. बस्तरमधल्या मुरिया गोंडांच्या घोटुलाबद्दल, म्हणजे अविवाहित मुलामुलींच्या सामायिक घराबद्दल, वाचलेले लोक ‘भिल्लांचे घोटूल कुठे आहे’ असे विचारत येतात. खानदेशातल्या भिल्ल-पावऱ्यांमध्ये घोटूल नाही. माझ्या समजुतीने याचे कारण वस्तीच्या रचनेत आहे. बस्तरचे गाव एकवटलेले असते. आपल्याकडे डोंगरातला पाडा विखुरलेला असतो. जो तो आपल्या शेताच्या कडेला घर बांधतो, दोन घरांमध्ये हाकेचे अंतर असते, आणि मुलाचे लग्न झाले की थोड्याच दिवसांत त्याचे वेगळे घर उभे राहते. जिथे दहा-बारा वर्षांची मुले वर्षभर एके ठिकाणी गोळा होऊच शकत नाहीत, तिथे त्यांची दीक्षा सामुदायिक कशी होणार? एकवटलेल्या वस्तीत किंवा गुरे राखणाऱ्या, टोळीने लढणाऱ्या समाजांत वयोगटांच्या तुकड्या होतात. डोंगरउतारावर घरागणिक शेती करणाऱ्या समाजात ते काम घर करते.

शरीरावरची खूण मात्र आहे, आणि ती सहसा कुणी विचारत नाही. जुन्या पिढीतल्या पुरुषांचा हात हातात घेऊन पाहिला तर मनगटापासून वर ओळीने गोल वण दिसतात. हे डामाचे वण असतात, लहानपणी चटके देऊन उठवलेले. डाम नसलेल्या पुरुषाला मेल्यावर देवाच्या दारी जाब द्यावा लागतो, असे म्हातारे सांगत. बाईला डाम नसतो, तिला गोंदण असते. कपाळावर, हनुवटीवर, हातावर. सोने-नाणे इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत मैदानातल्या आपल्या आज्या-पणज्यांचीही होती. म्हणजे अंगावर खूण दोघांच्याही होती, एकाची आगीने आणि दुसरीची सुईने. पण डाम घरातलेच कोणी देत असे. त्यासाठी ना गाव जमत असे, ना ढोल वाजत असे. आता आश्रमशाळेत शिकलेल्या मुलांच्या हातावर ते वण दिसत नाहीत, आणि त्यांच्या पुरुषपणाला त्यामुळे काही बाधा आली असे कुणाला वाटतही नाही. दीक्षाविधी म्हणावा एवढे वजन त्या डामाला कधी नव्हते, असे मी यावरून समजतो.

मग मुलगा पुरुष कधी होतो? हा प्रश्न मी पुष्कळांना विचारला आणि सुरुवातीची काही वर्षे तो चुकीच्या रीतीने विचारला. ‘कोणत्या विधीनंतर’ असे विचारले की समोरचा माणूस विचारात पडे आणि सौजन्य म्हणून काहीतरी सांगे. ‘अमक्याचा पोरगा आता मोठा झाला, असे तुम्ही कशावरून म्हणता’ असे विचारायला लागल्यावर उत्तरे भराभर आली, आणि ती जवळपास सगळी हातांविषयी होती. तो नांगराचे रुमणे, म्हणजे मूठ, धरतो. तो घर शाकारतो. बळीच्या बोकडावर सुरी तो चालवतो. तीरकामठा आता फोटोपुरता आणि सणापुरता उरला आहे. इंग्रजांनी १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केल्यापासून बाहेरच्यांना भिल्ल पुरुष म्हटला की लढवय्याच दिसतो, पण पाड्यावर ‘मोठा झाला’ हे शेताच्या आणि छपराच्या कामावरून ठरते.

या यादीची दुसरी बाजू म्हणजे या तिन्ही गोष्टी बाईला वर्ज्य आहेत. पेरणी, निंदणी, कापणी, मोह वेचणे, बियाणे निवडून जपून ठेवणे, आठवडे बाजारात माल नेऊन विकणे हे सगळे ती करते. बैलांना चारा-पाणी तीच करते. पण रुमण्याला तिने हात लावायचा नाही आणि घराच्या छपरावर चढायचे नाही. लावला, चढली, तर पाऊस जातो, घरावर संकट येते, असे सांगतात.

या निषेधाचा अर्थ मला पुस्तकातून नव्हे, एका आषाढात कळला. मोलगी गावाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर मी एका विधवेच्या ओसरीत पावसामुळे अडकलो होतो. तिचे वय पस्तिशीचे असावे. दोन मुली, मुलगा पाच वर्षांचा. छपराची चार-सहा कौले माकडांनी सरकवली होती आणि नेमकी कणगीच्या वर धार लागली होती. ती धारेखाली पातेले ठेवायची, भरले की ओतून यायची आणि पुन्हा ठेवायची. भिंतीला शिडी टेकवलेली होती. ती अंगाने काटक होती. मोहाच्या झाडावर ती चढताना मी पाहिली होती, आणि ही कौले सरळ करायला तिला दहा मिनिटे पुरली असती. मी म्हटले, मी चढतो. ती हसली आणि म्हणाली, ‘तुम्ही पडाल. दीर येतो म्हणाला आहे.’ दीर तिसऱ्या दिवशी आला. कणगीतल्या ज्वारीला तोवर मोड आले होते. दिराने कौले बसवली, भाकरी खाल्ली आणि जाताना पुढच्या आठवड्यात आपल्या शेतात निंदणीला यायला तिला सांगून गेला. ती गेलीही.

शिडीची ती पायरी बंद असल्यामुळे बाईला पुरुष लागतो, नवरा नसेल तर दीर, दीर नसेल तर भाऊ. आणि त्याच्या दहा मिनिटांच्या कामाची परतफेड तिच्या दिवसभराच्या कामाने होते. छपरावर चढता येणे हेच तिथे पुरुषपण आहे, आणि ते रोजच्या देण्याघेण्यात दिसते. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की बाप त्याला एका उन्हाळ्यात शाकारणीला वर घेतो. त्याची पूजा होत नाही, जेवण होत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. पण त्या दिवसानंतर आई त्याला पाणी भरायला पाठवत नाही.

आता बुध्यांविषयी. होळीच्या आधीच्या दिवसांत गावोगाव काही पुरुष नेम धरतात. त्याला पालनी म्हणतात. पालनी धरलेला माणूस खाटेवर बसत-निजत नाही, जमिनीवर झोपतो, अनवाणी चालतो, अंघोळ करत नाही, बायकोपासून दूर राहतो आणि बाईच्या हातचे खात नाही. राखेने आणि पांढऱ्या ठिपक्यांनी अंग रंगवायचे, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू बांधायचे, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा आणि मोरपिसांचा उंच टोप चढवायचा, असा त्यांचा साज. बावा, बुध्या, मोरखी, धानका डोको अशी वेगवेगळी सोंगे असतात, आणि काही पुरुष स्त्रीवेषही घेतात. काठीची होळी राजवाडी म्हणून मानाची. उंच बांबूचा दांडा माणसांच्या बळावर उभा करतात, रात्रभर मोठ्या ढोलांवर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. त्यानंतर पुढचे काही दिवस इतर गावांच्या होळ्या होतात आणि पालनीवाले एका होळीहून दुसरीकडे जातात.

व्हान गेनेपचे तीन टप्पे इथे दिसतात, यात शंका नाही. घरापासून तुटणे आहे, अधांतरी काळ आहे, नेम सुटल्यावर परत येणे आहे. माझ्याकडे येणारे विद्यार्थी इथेच उडी मारतात आणि ‘भिल्लांचा दीक्षाविधी सापडला’ असे लिहून मोकळे होतात. पण तीन प्रश्न विचारून पाहावेत. पालनी कोण धरतो? चौदा वर्षांचा मुलगाही धरतो आणि दोन नातवंडांचा आजाही. किती वेळा धरतो? नवस बोलला असेल तितकी वर्षे. काही जण आयुष्यभरात एकदाही धरत नाहीत. आणि न धरणाऱ्याचे काय होते? काहीच नाही. त्याला कोणी अर्धवट पुरुष म्हणत नाही, त्याचे लग्न अडत नाही. हा नवस आहे. पिकासाठी, गुरांसाठी, घरातल्या आजारासाठी, कधी मूल व्हावे म्हणून. म्हणून मी त्याला दीक्षा म्हणत नाही, वारीच्या किंवा एकादशीच्या जवळचा म्हणतो. आपल्या लोकांना तो तसा लवकर कळतोही.

तरीही पुरुषपणाविषयी तो काही सांगतो, हे मान्य करायला हवे. एका वर्षी मी पालनीतल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर चार दिवस चाललो. त्याच्या गावी पोहोचलो तेव्हा तो घरात गेला नाही. अंगणाच्या कडेला भुईवर बसला. थोरल्या भावाने केलेली जाड, एका बाजूने करपलेली भाकरी त्याच्यापुढे आली. आई दारात उभी होती. हातात मिठाची वाटी होती. ती वाटी तिने धाकट्या पोराच्या हातात दिली आणि त्याने ती पुढे नेऊन ठेवली. इतर वेळी सुगरण म्हणून मिरवणारी ती बाई त्या करपलेल्या भाकरीकडे पाहून तोंड दाबून हसत होती. त्या चार दिवसांत पुरुष जेवण रांधतात, पाणी आणतात, स्वतःची भांडी घासतात. बाईला दूर ठेवणारा हा नेम बाई घरात किती काम करते याची दरवर्षी उजळणी करून देतो, असे मला त्या अंगणात वाटले. पालनी सुटली की भांडी पुन्हा तिच्याकडे जातात, हेही तितकेच खरे आहे.

भोंगऱ्या बाजाराविषयी आपण विचारले नसले तरी विद्यार्थी विचारतील. होळीपूर्वीच्या आठवड्यातला हा बाजार म्हणजे मुलामुलींनी एकमेकांना गुलाल लावून पळून जाण्याचा मेळा, असे वर्षानुवर्षे छापून येते. तो होळीच्या खरेदीचा बाजार आहे. डाळ्या, गूळ, कपडे, घुंगरू घ्यायला सगळा डोंगर खाली उतरतो. तरुण मुले-मुली तिथे भेटतात, हसतात, क्वचित पळूनही जातात. पण तसे तर जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतही होते. ‘आदिवासी स्वयंवर’ हे वर्णन समाजातल्या शिकलेल्या लोकांना झोंबते, आणि झोंबावे असेच ते आहे.

पळून जाण्यापेक्षा महत्त्वाचे ते त्यानंतरचे. लग्न ठरवून होवो, पळून जाऊन होवो किंवा मुलगी स्वतः होऊन मुलाच्या घरात येऊन बसो, पंच बसतात आणि देज ठरते. देज मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचे. ज्याच्याजवळ देज नाही तो घरजावई होऊन सासऱ्याच्या शेतात राबतो. बाईला नवरा सोडता येतो, दुसरे घर करता येते, विधवेला पुन्हा लग्न करता येते. मात्र अशा वेळी नव्या नवऱ्याने पहिल्याची भरपाई करायची असते. याला स्वातंत्र्य म्हणावे की नाही? मैदानातल्या हुंड्याच्या समाजातून आलेल्या माणसाला ते फार मोठे वाटते, आणि ते आहेही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९७८ स्त्रिया होत्या, तेव्हा महाराष्ट्राचा आकडा ९२९ होता. मुलगी इथे ओझे नाही. पण देज घेतलेल्या बापाच्या घरी नवऱ्याला सोडून आलेली मुलगी किती दिवस राहू शकते, हे बापाने ते पैसे खर्च केले आहेत की नाहीत यावर ठरते. हा हिशोब मी पुष्कळ ओसऱ्यांवर ऐकला आहे.

देजाचे पैसे आता कुठून येतात? मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून. दिवाळी झाली की डोंगरातली माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात. तिथे मजुरीचा हिशोब माणसावर नाही, कोयत्यावर होतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गेला तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मात्र पुरुषाच्या हातात पडते. सतरा वर्षांच्या मुलाला लग्नाची घाई का, असे एकदा मी विचारले, तेव्हा त्याच्या काकाने सरळ सांगितले, ‘अर्ध्याला उचल कमी मिळते.’ देजासाठी उचल घ्यायची, उचल फेडायला जोडीने तोडणीला जायचे, म्हणजे ज्या बाईसाठी देज दिले तिच्याच घामाने ते फिटते. पुरुष होण्याची आजची जर एखादी पायरी दाखवायची असेल, तर मी बुध्याच्या टोपाकडे नाही, मुकादमाच्या वहीत पहिल्यांदा पूर्ण कोयता म्हणून लागलेल्या नावाकडे बोट दाखवीन. कायद्याने मुलाचे वय एकवीस आणि मुलीचे अठरा लागते. वहीत वयाचा रकाना नसतो.

समानतेविषयी वेगळे काय लिहू? बियाणे, बाजार आणि अंगावरची चांदी बाईच्या ताब्यात असते, आणि ही सत्ता लहान नाही. डोंगरातली मोठी देवी याहामोगी ही धान्याची माता आहे. पण बडवा, म्हणजे देवऋषी, पुरुष असतो, पंच पुरुष असतात, आणि डाकीण म्हणून बोट ठेवले जाते ते बहुतेक वेळा बाईवर. त्यातही जिच्या नावावर थोडी जमीन आहे आणि पाठीशी पुरुष नाही अशा बाईवर. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला. जमिनीचे म्हणाल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत, आणि वारसा रूढीप्रमाणे म्हणजे मुलग्यांकडे जातो. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये वनजमिनीच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावे घालायला लावली. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीला वारशातून वगळणे समानतेच्या हक्काशी विसंगत ठरवले. हा निकाल पाड्यांवर पोहोचायला वेळ लागेल. आणि बायका गप्प बसून होत्या असेही नाही. १९७२ च्या सुमारास शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांचे जमिनीचे आंदोलन पेटले, तेव्हा गावोगावच्या आदिवासी बायकांनी दारूविरुद्ध मोर्चे काढून मडकी फोडली होती. त्यासाठी त्यांना कोणत्या दीक्षेची गरज पडली नव्हती.

काठीच्या भेटीबद्दल एवढेच. पालनी धरलेल्या माणसाला हात लावू नये, फोटोसाठी टोप काढायला किंवा पुन्हा घालायला सांगू नये, आणि विद्यार्थिनींना त्यांच्यापासून अंतर ठेवायला आधीच सांगावे, म्हणजे तिथे कुणाला ओशाळे व्हावे लागणार नाही. सगळे पाहुणे होळी पेटली की पहाटेच गाड्या काढतात. आपण दोन दिवस जास्त थांबा आणि नेम सुटतो ते एखाद्या घरी परवानगी घेऊन पाहा. जमले तर त्याच घरी उन्हाळ्यात, शाकारणीच्या वेळी पुन्हा जा, आणि छपरावर कोण आहे, खालून कौले कोण देते आहे, हे विद्यार्थ्यांना वहीत टिपून घ्यायला सांगा.